सगळ्यांचं एकच गुप्त पान

प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. पुस्तकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावर संस्थेचा शिक्का असतोच. पण चोरानं नेमकी तीच दोन पानं फाडली तर काय, म्हणून आतलं एखादं पान ठरवून त्यावरही शिक्का मारायचा आणि दाखल क्रमांक घालायचा, अशी जुनी रीत. कुणाचं एकवीस, कुणाचं एक्कावन्न, कुणाचं एकशे एक. हे पान फक्त ग्रंथपालांना आणि चिटणिसांना ठाऊक असावं, असा संकेत. प्रत्यक्षात ते सगळ्या सभासदांना ठाऊक असतं, कारण शाई जांभळी असते आणि शिक्का रहस्यकथेत नेमका खुन्याच्या नावावर बसतो. आमच्या तालुक्याच्या गावात तीन वाचनालयं आणि तिघांची गुप्त पानं निराळी. तिघांनी मिळून एकच पान ठरवावं, असं इतक्या वर्षांत कुणाच्या मनात आलं नाही. ठरवलं असतं तर बिघडलं काहीच नसतं. पण मग आपली संस्था ती आपली संस्था कशी राहणार?

शिक्क्यांचंही तेच. एकाचा गोल, एकाचा लंबगोल, आणि तिसऱ्याच्या शिक्क्यात स्थापनेचं साल इतकं ठळक की संस्थेचं नाव वाचायला भिंग लागावं. त्यात वावगं काही नाही. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं. अशा वडीलधाऱ्यांच्या प्रांतात आपलं साल कोपऱ्यात बारीक लिहून कसं चालेल? वर्गीकरण सगळीकडे कागदोपत्री दशांश पद्धतीचं. कपाटांवर मात्र 'कादंबरी', 'चरित्र', 'आरोग्य' आणि 'संकीर्ण'. जे पुस्तक कुठल्या कपाटात जावं यावर दोन कर्मचाऱ्यांचं भांडण होतं, ते 'संकीर्ण'. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. आमच्याकडे वेळ वाचवायला कुणी येत नाही, घालवायला येतात. पण सूत्र भिंतीवर लावलेलं आहे.

या तिघांपैकी आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे विषय क्रमांक चार म्हणून एकदा 'आरएफआयडी प्रणालीबाबत विचार करणे' हा विषय आला. एका कंपनीचे तरुण प्रतिनिधी नमुन्याचा टॅग घेऊन आले होते. पांढरा चौकोनी स्टिकर. उजेडात धरला की आत धातूच्या बारीक पट्टीची चौकोनी वेटोळी दिसतात आणि एका कोपऱ्यात एक काळा ठिपका. ठिपका म्हणजे चिप, वेटोळी म्हणजे तिचा अँटेना. हा कागद पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायचा. मग देवघेवीच्या टेबलावर पुस्तकांची चळत ठेवली की सगळी एकदम नोंदली जातात, आणि नोंद न करता कुणी पुस्तक नेलं तर दारातलं गेट ओरडतं. खजिनदारांनी विचारलं, बॅटरी कितीला पडते? बॅटरी लागतच नाही, यंत्राच्या लहरींतूनच चिपला पुरेशी वीज मिळते, असं कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. लहरी १३.५६ मेगाहर्ट्झच्या असतात, हे प्रतिनिधींनी दोनदा सांगितलं. ते मात्र कुणी टिपून घेतलं नाही.

चिपवर नेमकं काय लिहायचं आणि कसं लिहायचं, हा प्रश्न त्या दिवशी कुणालाच पडला नाही. तो जगातही बऱ्याच उशिरा पडला. सिंगापूरच्या बुकित बातोक वाचनालयानं १९९८ साली हे टॅग वापरायला घेतले; सार्वजनिक वाचनालयांत पहिलेपणाचा मान बहुतेकदा त्यालाच दिला जातो. पुढे युरोप-अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी कंपन्या गाठल्या आणि प्रत्येक कंपनीनं चिपवर आपापल्या वळणानं लिहायला सुरुवात केली. कुणी दाखल क्रमांक पहिल्या खणात ठेवला, कुणी मधल्या. कुणी साध्या अक्षरांत लिहिला, कुणी आपल्या घरच्या सांकेतिक लिपीत, आणि वर कुलूप घातलं. गंमत अशी की चिप आणि यंत्र यांनी एकमेकांशी कुठल्या लहरींवर बोलायचं याचं आंतरराष्ट्रीय मानक तेव्हा आलेलं होतं. त्यामुळे एका कंपनीच्या यंत्राला दुसरीच्या टॅगचं बोलणं ऐकू जायचं. फक्त कळायचं नाही.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा प्रकार कुर्डुवाडी स्टेशनावरून चटकन समजेल. मुख्य लाइन साडेपाच फुटी, आणि १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट अडीच फुटी. दोन्ही आपापल्या रुळांवर झकास धावत होत्या. आपलं माप चुकलं असं दोघींपैकी कुणालाच वाटण्याचं कारण नव्हतं. हाल व्हायचे ते फलाटावर गाठोडी, पोरं आणि पंढरपूरची म्हातारी सांभाळत गाडी बदलणाऱ्यांचे. मिरज ते लातूर सगळा मार्ग रुंद व्हायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

ग्रंथालयांची कुर्डुवाडी दोन प्रसंगी येते. पहिला प्रसंग कंपनी बदलण्याचा. समजा एखाद्या कॉलेजनं चाळीस हजार पुस्तकांना टॅग लावले आणि पाच वर्षांनी कंपनीनं देखभालीचा दर दुप्पट केला, किंवा कंपनीच गाशा गुंडाळून गेली. नवी कंपनी येते, टॅगवर यंत्र धरते आणि म्हणते, "सर, टॅग उत्तम आहेत, पण यात काय लिहिलंय ते आमच्या यंत्राला समजत नाही." म्हणजे चाळीस हजार पुस्तकं एकेक करून पुन्हा लिहायची. कुलपाची किल्ली जुन्या कंपनीकडेच राहिली असेल, तर टॅग खरवडून काढायचे आणि नवे चिकटवायचे. दर दुप्पट झाला तरी जुनीच कंपनी स्वस्त पडते, आणि हे तिला तुमच्या आधी कळलेलं असतं.

दुसरा प्रसंग पिशवीतला. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना दोन ग्रंथालयांचं सभासदत्व आहे. एका दुपारी ते शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात वर्तमानपत्रं चाळून बाहेर पडले तर गेट किंचाळलं.

"सर, पिशवी उघडा," पहारेकरी म्हणाला.

"अरे, तुझ्या वडिलांना मी शिकवलंय."

"म्हणून तर सर म्हणतोय. उघडा पिशवी."

पिशवीतून मेथीची जुडी निघाली आणि कॉलेजच्या ग्रंथालयातून रीतसर नोंद करून आणलेलं मधुमेहावरचं पुस्तक. कॉलेजच्या दृष्टीनं ते पुस्तक बाहेर गेलेलं होतं. पण टॅगवर तसं लिहिण्याची त्यांची खूण वेगळी, आणि या गेटला माहीत असलेली खूण वेगळी. त्याला आपलं वाटलं, चाललंय कुणीतरी पुस्तक लांबवून. मुख्याध्यापक आता मधुमेहावरचं पुस्तक घरी ठेवून निघतात आणि मेथी परतताना घेतात.

यावर उपाय आहे आणि तो फार साधा आहे. टॅगवर एक बाइट अशी असते की ती यंत्राला सांगते, मी कुठल्या धंद्यातली वस्तू आहे. ग्रंथालयातून वाचकाकडे गेलेल्या वस्तूसाठी तिथे 'सी-टू' ही किंमत नोंदवून ठेवलेली आहे. बाहेर फिरणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर ती लिहिली, की दुसऱ्या ग्रंथालयाचं गेट काय किंवा कापडाच्या दुकानातलं गेट काय, गप्प राहू शकतं. एका बाइटवर सगळ्यांनी एकमत करायचं, एवढाच प्रश्न. पण एकमत ही गोष्ट बाइटच्या आकारावर अवलंबून नसते. आमच्या वाचनालयात पंख्यांचा रंग ठरवायला दोन सभा लागल्या.

डेन्मार्कच्या लोकांनी २००५ साली बसून पहिलं शहाणपण केलं. देशातल्या सगळ्या ग्रंथालयांनी टॅगवर काय आणि कुठे लिहायचं याचा एक नमुना त्यांनी ठरवला. मग फिनलंड, नेदरलँड्स, फ्रान्स यांनीही आपापले नमुने केले. सर्वांसाठी एकच पद्धत हवी यावर सगळे सहमत झाले, आणि त्यामुळे पद्धती वाढत गेल्या. शेवटी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं हे काम हाती घेतलं आणि २०११ साली 'आयएसओ २८५६०' हे मानक निघालं. तीन भागांत. पहिल्या भागात काय लिहायचं ते सांगितलं. कसं लिहायचं यावर मात्र दोन पक्ष पडले असावेत, कारण दुसऱ्या भागात एक पद्धत आहे आणि तिसऱ्या भागात दुसरी. दुसऱ्या भागाच्या पद्धतीत हवी ती माहिती, हव्या त्या क्रमानं, आखडून भरता येते. प्रत्येक तुकड्यावर तो काय आहे त्याची चिठ्ठी. तिसऱ्या भागात खण ठरलेले: दाखल क्रमांकाला सोळा बाइट, तपासणीला दोन, असं. हा तिसरा भाग डॅनिश वळणाचा. ब्रिटन-अमेरिकेनं दुसरा भाग पसंत केला, डेन्मार्क आणि मंडळी तिसऱ्यावर राहिली. म्हणजे मानक एकच, पद्धती दोन. आपल्या संमेलनांच्या इतिहासाची ज्यांना माहिती आहे, त्यांना यात नवल वाटू नये. तरीही दोन म्हणजे वीस नव्हेत. दोन्ही वाचू शकणारं यंत्र करता येतं. वीस कंपन्यांच्या वीस गुप्त लिप्या वाचणारं यंत्र कोण करणार?

मला या मानकातला सगळ्यात भावलेला भाग वेगळाच आहे. चिपवर लिहिता येतील अशा दोन डझनांच्या आसपास गोष्टींची यादी त्यात दिली आहे आणि त्यांतली सक्तीची गोष्ट एकच: त्या प्रतीचा क्रमांक. बाकी मालक संस्थेचा संकेतांक, कपाटाची जागा, पुरवठादार, सगळं ऐच्छिक. जगभरच्या ग्रंथपालांनी वर्षानुवर्षं खल केला आणि निष्पन्न काय, तर दाखल क्रमांक लिहा! ही टिंगल नाही. नावगाव, लेखक, किंमत, कुणाकडे गेलं, कधी परत येणार हे सगळं संगणकात असतंच, आणि ते बदलतं. पुस्तकाला स्वतःचा क्रमांक तेवढा सांगता आला की पुरे. इतकं थोडं लिहायचं ठरवायला फार संयम लागतो.

तो आमच्या सभेत नव्हता. टॅगवर लिहिता येतं म्हटल्यावर एका सदस्यांनी सुचवलं की पुस्तकाचं नाव लिहावं. दुसरे म्हणाले, देणगीदारांचं नाव लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढची देणगी विसरा. ग्रंथपाल बाईंनी शांतपणे हिशेब मांडला. नेहमीच्या चिपवर लिहायला मिळतात ११२ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरते. युनिकोडमधल्या आपल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला आणि पाय मोडायच्या खुणेलाही, तीन तीन लागतात. 'सार्थ ज्ञानेश्वरी' लिहायला एकोणपन्नास बाइट गेल्या. 'यांच्या स्मरणार्थ' लिहायला आणखी एकोणपन्नास. राहिल्या चौदा. त्यात 'कै.' बसतं, पण ज्यांच्या स्मरणार्थ ते बसत नाहीत. आणि दाखल क्रमांक अजून लिहायचाच आहे.

पुस्तकाचं नाव टॅगवर नसावं याला आणखी एक कारण आहे. बर्कलीच्या डेव्हिड मोल्नर आणि डेव्हिड वॅग्नर यांनी २००४ साली एक निबंध लिहून ग्रंथालयांच्या टॅगमुळे वाचकाच्या खासगीपणाला कसा धोका आहे ते दाखवलं. बंद पिशवीतलं पुस्तक कुणाही यंत्रवाल्याला बाहेरून ओळखता यावं, हे काही बरं नव्हे. अमेरिकेत यावर बरीच चर्चा झाली. आमच्याकडे कोण काय वाचतं हे काउंटरजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की समजतं, त्याला लहरी लागत नाहीत. तरी पण एका बाजूनं कळतंय म्हणून दुसरीकडूनही कळू द्यावं, असं थोडंच आहे?

ऐच्छिक यादीत एक नोंद अशी आहे की ती कुणी मराठी माणसानं सुचवली असावी असं वाटावं. एकाच क्रमांकाखाली अनेक भाग असतील तर 'इतक्यांपैकी इतकावा' असं टॅगवर लिहिता येतं. मूळ हेतू पुस्तकासोबतच्या सीडीचा असेल. मला आठवला दिवाळी अंक. अंकासोबत वार्षिक राशिभविष्याची पुस्तिका फुकट येते. अंक परत येतो, भविष्य येत नाही. विचारलं की सभासद म्हणतात, "ती नव्हतीच हो आत." आता अंकावर 'दोनपैकी पहिला' आणि पुस्तिकेवर 'दोनपैकी दुसरा' असे टॅग असतील, तर टेबलावर अंक ठेवताच यंत्र सांगेल की एक भाग कमी आहे. वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेतली अर्धी भांडणं यानं मिटतील. उरलेली अर्धी, अंक आधी कुणाला मिळाला यावरची, कुठल्याच मानकाच्या आवाक्यातली नाहीत.

मानकांत न सापडणारी माणसंही असतात. आमचा बाइंडर हे त्यातलं अग्रगण्य उदाहरण. खिळखिळं पुस्तक त्याच्याकडे गेलं की जुना पुठ्ठा टॅगसकट रद्दीत जाणार आणि नवा, जाड, रेक्झिनच्या पाठीचा पुठ्ठा लागून पुस्तक परत येणार. त्याला टॅग जपायला सांगितलं तर तो म्हणाला, "वर खळ लावून घट्ट बसवतो की, काळजी नको." लोखंडी कपाटांचा प्रश्न निराळाच, धातू जवळ असला की लहरी बिचकतात, आणि आमच्याकडे पुस्तकांपेक्षा कपाटं जुनी.

शिवाय अलीकडे दुसऱ्या जातीचे टॅग आले आहेत, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचे. ते स्वस्त पडतात आणि लांबून वाचता येतात. त्यांच्यासाठी २०१४ साली त्याच मानकाला चौथा भाग जोडावा लागला. लांबून वाचता येणं हा गुण खरा, पण सभासदानं स्वतः नोंद करायच्या यंत्रापाशी तो नडू शकतो. तुमच्या मागे उभ्या माणसाच्या हातातलं पुस्तक तुमच्या खात्यावर पडायचं. मागच्या माणसाची रुची बरी असेल तर हरकत नाही, असं आमचे उपाध्यक्ष म्हणाले. त्यांना कुठलीच गोष्ट फार गंभीर वाटत नाही, म्हणूनच ते उपाध्यक्ष आहेत.

प्रतिनिधींना निरोप देण्याआधी बाईंनी विचारलं, "तुमची प्रणाली आयएसओ २८५६० प्रमाणे आहे का?"

"हो मॅडम, पूर्ण कंपॅटिबल आहे."

"कुठल्या भागाप्रमाणे? दुसऱ्या की तिसऱ्या?"

"मॅडम, सगळ्या भागांप्रमाणे."

बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मग एक करा. तुमच्या यंत्रानं लिहिलेला टॅग दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रावर आमच्यासमोर वाचून दाखवा. आणि टॅगला कुलूप घालणार असाल तर किल्ली आमच्या कपाटात राहील, असं दरपत्रकात लिहून द्या." तरुणानं वहीत लिहून घेतलं आणि साहेबांशी बोलून कळवतो म्हणाला. मला वाटतं, मानक मानक म्हणतात ते शेवटी या दोन वाक्यांत येतं. खरेदीच्या दिवशी सगळेच खूश असतात, चहा येतो, फोटो निघतो. मानकाची गरज पडते फारकतीच्या दिवशी. आणि तो दिवस कार्यक्रमपत्रिकेत छापलेला नसल्यामुळे त्याची आठवण कुणी काढत नाही. बाईंनी काढली. त्यांनी तीन चिटणीस आणि चार संगणक प्रणाली पाहिल्या आहेत.

ठराव करायची वेळ आली तेव्हा मात्र जुनाच सूर लागला. कपाटाची जागा, देणगीदार, सभासदवर्ग, सगळं कुठे ना कुठे लिहायला हवं, आपलं काहीतरी वेगळं दिसायला हवं. तेव्हा बाईंनी मानकाच्या यादीतले तीन खण दाखवले: स्थानिक माहिती अ, ब आणि क. ज्याला जे आपलं म्हणून लिहायचं असेल ते इथे लिहावं, बाकीच्यांनी तिकडे लक्ष देऊ नये, अशी त्यांची व्यवस्था. हे मानक लिहिणारी माणसं कुठल्याही देशातली असोत, त्यांनी कार्यकारिणीच्या सभांना हजेरी लावलेली असणार. तीन खण म्हटल्यावर तीन गट तत्काळ तयार झाले.

खजिनदार यादी खालपर्यंत वाचत गेले होते. पुस्तकाच्या स्थितीसाठी आकडे ठरलेले असतात, हे त्यांना आवडलं. देवघेवीसाठी एक, जागेवरच वाचायच्या पुस्तकांसाठी दोन. मग त्यांचं बोट सातवर थांबलं: रद्द केलेलं पुस्तक.

"हे आपल्याला लागायचं नाही," ते म्हणाले. "आपण शेवटचं निर्लेखन केलं, तेव्हा तपासनीस साहेबांनी वाळवीनं खाल्लेल्या पुस्तकांची वाळवी दाखवा म्हणून सांगितलं होतं. सात खोडून टाका. त्या जागी देणगीदार बसतात का बघा."